हार्ड डिस्क गावातच फिरते

जुना कॉम्प्युटर विकायला आलेला माणूस आधी किंमत विचारतो, मग घासाघीस करतो आणि पैसे खिशात घालताना सांगतो, "फॉरमॅट मारून आणलाय बरं का." नांदेडमध्ये जुन्या मशीनची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. आता हे वाक्य ऐकलं की मी नुसती मान हलवतो आणि डिस्क काढून बाजूला ठेवतो. फॉरमॅट मारलेल्या बहुतेक डिस्कमध्ये जवळपास सगळं शिल्लक असतं.

धंदा सुरू केला तेव्हा आमचा माल सिकंदराबादहून यायचा. देवगिरी एक्स्प्रेसनं जायचं, पार्कलेनच्या सीटीसी मार्केटात फिरायचं, कंपन्यांतून निघालेल्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरचे लॉट बघायचे, सौदा करायचा आणि डबे ट्रान्सपोर्टला टाकून परत यायचं. त्या डब्यांत बऱ्याचदा डिस्कच नसायची. व्यापारी म्हणायचा, "डिस्क नहीं आते साब, कंपनी निकाल लेती." तेव्हा आम्ही वैतागायचो, कारण डिस्क वेगळी घ्यावी लागायची. कंपनी डिस्क का काढून घेते, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. पुढं गावातल्याच ऑफिसांची, दवाखान्यांची, क्लासेसची मशीन विकायला येऊ लागली. त्यांत डिस्क असायची आणि डिस्कमध्ये गाव असायचं.

याची समज यायला एक पोरगा कारणीभूत झाला. सिडकोकडचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं एका फोटो स्टुडिओवाल्याकडून जुनी ५०० जीबीची डिस्क परस्पर घेतली होती आणि ती बसवून घ्यायला माझ्याकडे आला होता. दोन दिवसांनी परत आला, हसत हसत. कॉलेजात कुणीतरी शिकवलं म्हणून त्यानं फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं होतं. स्टुडिओवाल्यानं फॉरमॅट मारलेल्या डिस्कमधून लग्नांचे अल्बमच्या अल्बम वर आले होते. हळदीचे, सीमंतपूजनाचे, नवरीच्या खोलीतले. "काका, हे बघा, आमच्या गल्लीतल्या ताईचं लग्न!" तो मोबाइल माझ्यापुढं धरून सांगत होता. पोरगा वाईट नव्हता. त्याला गंमत वाटत होती. मला मात्र घाम फुटला, कारण त्या फोटोतली दोन घरं माझ्याही ओळखीची होती.

तेव्हा लक्षात आलं की डेटा चोरीबद्दल आपण जे वाचतो ते मोठ्या शहराचं असतं. तिथं तुमची डिस्क कुणा अनोळखी माणसाकडे जाते. त्याला तुमचं नाव कळून उपयोग नसतो, त्याला तुमचा खातेक्रमांक हवा असतो. नांदेड-लातुरात उलटं आहे. इथं डिस्क वजिराबादेतून निघून तरोडा नाक्याला पोहोचते, फार तर लोह्याला किंवा अहमदपूरला. उघडणारा माणूस तुमचं आडनाव वाचतो आणि गाव सांगतो. इथं हॅकर लागत नाही, ओळखीचा माणूस पुरतो.

ग्राहकाला हे समजावताना मी एकच दाखला देतो. तलाठ्यानं सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून शेतातली तूर उपटली जात नाही. डिलीटचं तेच आहे. फाइल डिस्कवर जिथं आहे तिथंच राहते, फक्त ती कुठं आहे याची नोंद जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. नवं काही तिथं लिहिलं जाईपर्यंत जुनं वाचता येतं. क्विक फॉरमॅटमध्ये नोंदवही कोरी होते, बाकी तेच. एक्सपीच्या काळात तर पूर्ण फॉरमॅटसुद्धा फक्त खराब सेक्टर तपासत बसायचा, जुन्या डेटाला हात लावायचा नाही. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. पण तासभर थांबायला लागतं म्हणून तो करतं कोण? 'क्विक' समोरची बरोबरची खूण आधीपासूनच असते आणि ती काढायचे कष्ट कुणी घेत नाही.

त्याहून मोठा घोटाळा सी आणि डी ड्राइव्हचा. आमच्याकडे "विंडोज मारून द्या" म्हणजे सी ड्राइव्ह कोरा करून नवी विंडोज टाकायची. डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, कारण ग्राहकाचा डेटा तिथं असतो. ही सवय दुरुस्तीच्या वेळी उपकारक, विक्रीच्या वेळी घातक. लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत्याचं असंच झालं. मी आठवड्यातून एकदा लातूरला जायचो, यार्डातल्या काही दुकानांची मशीन माझ्याकडे देखभालीला होती. त्यांनी जुनं मशीन घरच्याच कुणाला तरी दिलं, विंडोज मारून. तिथून ते आणखी एका हातातून दुसऱ्या आडत्याच्या मुनिमाच्या मुलाकडे गेलं. डी ड्राइव्हवर टॅलीचा डेटा तसाच होता. कोणत्या शेतकऱ्यानं किती उचल घेतली, कुणाचं सोयाबीन कोणत्या भावानं लागलं, कोणत्या दालमिलकडे किती थकबाकी, सगळं खात्यावार. दुसऱ्या दुकानात गादीवर बसून लोक आठवडाभर ते वाचत होते. मला ते कळलं तेही तिथल्याच चहावाल्याकडून. पहिल्या आडत्याला मी सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ द्या हो, पैसे तर नाही गेले." पण ज्या शेतकऱ्यांची उचल यार्डभर झाली त्यांना कुणी विचारलं? लेकीच्या लग्नासाठी घेतलेले पैसे त्यात होते, दवाखान्यासाठीचे होते. मशीन आडत्याचं होतं, पण आतला मजकूर त्याच्या एकट्याचा नव्हता.

या धंद्यानं मला शिकवलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. माणूस मशीन विकताना स्वतःचे फोटो, स्वतःचे पासवर्ड एवढंच आठवतो. डिस्कमध्ये मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यांचंच असतं: पेशंटचं, विद्यार्थ्यांचं, गिऱ्हाइकांचं.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगायला नको वाटते. एका मल्टिसर्व्हिसवाल्यानं दुकान बंद करून मशीन विकली. अशा दुकानात काय काय असतं हे मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. भरती निघाली, स्कॉलरशिपचे फॉर्म आले, सीईटी आली की पोरं तिथंच रांग लावतात. आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, मार्कमेमो, पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो आणि सही. सगळं स्कॅन होऊन 'डाउनलोड्स'मध्ये किंवा डेस्कटॉपवर पडतं आणि वर्षानुवर्षं पडूनच राहतं. त्यातलं एक मशीन त्याच भागातल्या एका तरुणाकडे गेलं. काही महिन्यांनी एक गृहस्थ माझ्याकडे आले, ओळखीचे. त्यांच्या मुलीला फोन येत होते. फोन करणाऱ्याला तिचा फोटो, जन्मतारीख, कॉलेज, सगळं माहीत होतं. "सर, मोबाइल हॅक झालाय का बघा," असं म्हणत त्यांनी तिचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. मोबाइलमध्ये काहीच नव्हतं. बोलता बोलता फॉर्म कुठं भरला हे निघालं, मग दुकान निघालं, मग मशीन कुणी घेतलं हेही निघालं. तक्रार करा म्हणून मी सांगितलं. त्यांनी केली नाही. सिम बदललं आणि मोबाइल मुलीकडून काढून घेतला. तिचं शहरातलं शिकणंही त्या वर्षी थांबलं. विकणाऱ्याला काही झालं नाही, घेणाऱ्याला काही झालं नाही. जिनं फक्त फॉर्म भरला होता तिनं भोगलं.

त्यानंतर माझ्या दुकानातून पूर्ण पुसल्याशिवाय एकही डिस्क बाहेर गेली नाही. विकत घेताना मी आता पावतीवर लिहून घेतो की डेटाचा बॅकअप मालकानं घेतलाय आणि डिस्क पुसायला त्याची संमती आहे. लोक हसतात. हसू द्यात.

पुसायचं म्हणजे काय करायचं, तर सगळ्या डिस्कवर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत काहीतरी लिहायचं. आमच्या बाजारात याला अजूनही 'लो लेव्हल मारणे' म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते चूक आहे, पण चालतं. पूर्वी मी डीबॅनची सीडी वापरायचो, आता लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून एनवाइप वापरतो. विंडोजमध्येही डिस्कपार्ट नावाची सोय आहे. त्यात 'क्लीन ऑल' दिलं की अख्खी डिस्क शून्यांनी भरते. नुसतं 'क्लीन' दिलं तर मात्र फक्त विभागणीची नोंद जाते, हे ध्यानात ठेवावं. आणि डिस्क निवडताना आकडा दोनदा वाचावा, कारण हा हुकूम परत विचारत नाही. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला दीड-दोन तास लागतात, एक टीबीला तीन-चार.

भारनियमनाच्या दिवसांत हे तीन तास सलग मिळणं म्हणजे लॉटरी होती. दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर एवढं मशीन चालत ठेवायचं, पंखा बंद करून. मे महिन्यात उघड्या डिस्कला बोट लावलं तर चटका बसायचा. अर्धवट पुसलेली डिस्क हा वेगळाच प्रकार असतो. पहिला भाग कोरा दिसतो, म्हणून सगळं गेलं असं वाटतं, आणि मागच्या अर्ध्यात सगळं शाबूत असतं. म्हणून मी पुसून झाल्यावर तेच रिकव्हरी सॉफ्टवेअर स्वतः चालवून बघतो. काही सापडलं नाही की मग स्टिकर लावतो.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं यायची, ती विचारायची, "काका, पस्तीस वेळा पुसता का?" हा पस्तीसचा आकडा पीटर गटमन नावाच्या संशोधकाच्या १९९६ च्या निबंधातून आला. तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी त्यानं वेगवेगळे नमुने सुचवले होते. ते सगळे एकाच डिस्कवर चालवण्यात अर्थ नाही असं पुढं त्यानंच लिहिलं. अमेरिकेच्या मानकसंस्थेची, निस्टची, २०१४ ची मार्गदर्शिकाही चुंबकीय डिस्कवर एकदा नीट लिहिणं साधारणपणे पुरेसं मानते. पस्तीसच्या नादात लोक एकदाही पुसत नाहीत, हे माझं दुखणं आहे.

चुंबकाचा एक उद्योग सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं की स्पीकरचा चुंबक फिरवला की डिस्क साफ. एका साहेबांनी माझ्यासमोर अर्धा तास फिरवला. मी त्यांना एक बंद पडलेली डिस्क उघडून दाखवली. तिच्या आतच, तबकडीपासून बोटभर अंतरावर, त्यांच्या स्पीकरपेक्षा कडक चुंबक बसवलेले असतात. साहेब चहा न घेताच गेले.

एसएसडी आल्यापासून गणित बदललं. तिच्यात मशीन कुठं लिहितंय हे बाहेरून नेमकं कळत नाही. चिपमधली एकच जागा झिजू नये म्हणून आतला कंट्रोलर जागा बदलत राहतो, आणि काही जागा आपल्याला दिसतच नाही. म्हणून वरून शून्यं लिहून समाधान मानू नये. तिच्यासाठी 'सिक्युअर इरेज' हा डिस्कमध्येच बसवलेला हुकूम असतो. तो कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा काही लॅपटॉपच्या बायोसमधून देता येतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉप नवा असतानाच बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन चालू ठेवावं. मग विकताना चावी नष्ट झाली की उरतो तो अर्थहीन कचरा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'रीसेट' करताना 'क्लीन डेटा'चा पर्याय येतो, तो चालू करावा. घरगुती वापराला तेवढं पुष्कळ झालं.

डॉक्टर्स लेनमधला एक प्रसंग मात्र वेगळं शिकवून गेला. एका सोनोग्राफी सेंटरचं रिसेप्शनचं मशीन बदलायचं होतं. डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, "पूर्ण पुसून टाका, पेशंटचा प्रश्न आहे." इतकं नीट बोलणारं गिऱ्हाईक विरळा. पण त्या मशीनवर सोनोग्राफीच्या नोंदीचे फॉर्म एफ होते. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली ही नोंद किमान दोन वर्षं जपावी लागते. मी म्हटलं, "मॅडम, आधी हे दुसरीकडे उतरवा, तुमच्या माणसाकडून मोजून घ्या, मगच मी पुसतो." व्यापाऱ्यांचंही तसंच. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. पुसणाऱ्यानं आधी हे विचारलं पाहिजे. काय जपायचं हे ठरल्याशिवाय पुसणं म्हणजे दुसरा अपराध.

अपराध शब्द सहज नाही वापरला. जून २०२४ मध्ये नीट परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या प्रकरणात लातूरचं नाव देशभर गाजलं. त्या पंधरवड्यात मला क्लासवाल्यांचे फोन येत होते, जे एरवी 'पुसायचे कसले पैसे?' म्हणायचे त्यांचेसुद्धा. "सगळ्या डिस्क कोऱ्या करायच्यात, आज याल का?" त्यांच्यातल्या कुणाचा त्या प्रकरणाशी संबंध असेल असं मला वाटत नाही. ती घाबरलेली माणसं होती. पण मी नाही म्हटलं. पुरावा म्हणून लागू शकेल असा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज तो सादर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, आधी तो भारतीय दंड संहितेच्या २०४ खाली होता. विकण्याआधी पुसणं वेगळं, चौकशीच्या धास्तीनं पुसणं वेगळं. एका क्लासवाल्यानं मला दुप्पट पैसे देऊ केले. पुसण्याचे दुप्पट पैसे मला तेव्हाच पहिल्यांदा मिळत होते.

कारण एरवी पुसायला कुणी पैसे देत नाही. गेलेला डेटा परत आणून द्यायला लोक हजारो रुपये मोजतात, हात जोडतात. असलेला डेटा घालवायला दोनशे रुपये मागितले तर म्हणतात, "एक बटन तर दाबायचंय."

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. २००३ साली एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी, सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट यांनी, जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १२९ चालल्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. हजारो क्रेडिट कार्डांचे आकडे त्यांना मिळाले, एक डिस्क तर एटीएममधली असावी अशी होती. आणि मॉर्गन स्टॅन्लीसारख्या बड्या कंपनीनं डेटा सेंटर बंद करताना डिस्क पुसण्याचं काम एका सामान वाहणाऱ्या कंपनीला दिलं. त्या डिस्क लिलावात विकल्या गेल्या आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड बसला. हे मी दुकानात सांगतो तेव्हा लोक चकित होतात, मग म्हणतात, "ते अमेरिकेत." आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झालाय. काम संपल्यावर लोकांची माहिती पुसणं ही त्यात माहिती घेणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. गल्लीतल्या मल्टिसर्व्हिसवाल्यापर्यंत तो कधी पोहोचेल, देव जाणे. आधी दुकानदारांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर बरं.

राहिल्या दोन गोष्टी. सीसीटीव्हीचा डीव्हीआर विकताना आतली डिस्क कुणाच्या ध्यानातच येत नाही. तुमच्या दारातून कोण, कधी गेलं-आलं याचं महिन्याभराचं चित्रण तिच्यात असतं. आणि बंद पडलेली डिस्क किलोच्या भावानं भंगारात टाकू नका. ती बंद पडली म्हणून आतलं मेलं असं नसतं, बऱ्याचदा फक्त सर्किट गेलेलं असतं. स्क्रू काढून तबकड्या बाहेर काढा, ड्रिलनं भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, ती फुटते, तेव्हा फडक्यात गुंडाळून मगच ठोका.

आणि मशीन विकताना यातलं काही जमणार नसेल, दुकानदारावर भरवसा नसेल, तर डिस्क काढून घरी ठेवा आणि मशीन तसंच विका. किमतीत तीनशे-चारशे रुपये कमी येतील.